वैशाखात ओल कुठे उरते? दुष्काळात जीवसृष्टीला सांभाळणाऱ्या जागा शोधण्याची आणि राखण्याची रीत

मे महिन्याचा तिसरा आठवडा. ओढ्याच्या पात्रात उतरलं की गोटे तापलेले, त्यांच्यावर वाळलेल्या शेवाळाचे पांढरे पापुद्रे, मधेच एखाद्या खेकड्याचं रिकामं कवच. ओढा मेला असंच वाटतं. मग एक वळण येतं, उंबराची सावली पडते आणि तिच्याखाली कातळाने धरून ठेवलेलं, दोन बैलगाड्या मावतील एवढं पाणी दिसतं. वाकून बघावं तर बोटाएवढे मळे मासे, कडेच्या दगडाखाली खेकडे, पाण्यावर टेकून उडणारे चतुर आणि काठच्या चिखलात मुंगसाची, मोरांची, कोल्ह्याची पावलं. अख्ख्या ओढ्याचा संसार त्या एका डोहात येऊन बसलेला असतो. पाऊस पडला की तो इथूनच पुन्हा चार मैल पसरतो.

अशा जागांना मी आश्रयस्थानं म्हणतो. डोह, झरे, देवराया, खोल घळी, नदीतल्या वाळूखालची ओल. भोवतालचं सगळं तापतं, वाळतं, तेव्हा या जागा थोड्या गार आणि थोड्या ओल्या राहतात. काही आश्रयस्थानं एका उन्हाळ्यापुरती असतात, काही हजारो वर्षांची. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना आपल्याकडचा पावसाळा दुबळा झाला होता. सदाहरित झाडांनी तेव्हा ओल्या खोऱ्यांतच तग धरला असणार. पुढे तापणाऱ्या दिवसांतही त्यांना अशाच जागा लागतील. डोंगर चढून गार हवेत जायची सोय आपल्याकडे फारशी नाही. दर १,००० मीटर उंचीला हवा साधारण ६ अंशांनी गार होते हे खरं, पण महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर संपतं. त्यामुळे आपल्याकडचा आसरा मुख्यतः खाली आहे, घळीत, पाण्यापाशी, जुन्या झाडांखाली.

दुष्काळ म्हटलं की आपण नवं काहीतरी बांधायला, लावायला, खोदायला धावतो. त्याआधी गावात आजवर काय टिकून राहिलंय ते शोधा. पुढची रीत कोणत्याही गावाला एका वर्षात करता येईल. खर्च म्हणाल तर एक वही, एक दोरी, एक बादली आणि दोन साधे थर्मामीटर.

आधी माणसांना विचारा

नकाशा नंतर. पहिले आठ दिवस फक्त बोलण्यात घालवा. गुराखी, धनगर, कातकरी, मासे धरणारे आणि सर्वांत आधी गावातल्या म्हाताऱ्या बायका. पाणी डोक्यावरून त्यांनी आणलं, त्यामुळे कुठलं पाणी कधी आटतं हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. त्यांना थेट विचारा, ‘आजी, बहात्तरच्या दुष्काळात पाणी कुठून आणलं?’ जी जागा १९७२ मध्ये आटली नाही, तिच्यावर वहीत दोनदा खूण करा. मग अलीकडचं विचारा. २०१२-१३ ला काय झालं? २०१५-१६ ला, लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं त्या वर्षी? बहात्तरला टिकलेली जागा सोळा साली आटली असेल तर मधल्या काळात तिथे काहीतरी बिघडलंय. ते काय, हे पुढे शोधायचं आहे.

जागांची नावं जशीच्या तशी लिहा. कोकणात डोहाला कोंड म्हणतात, ओढ्याला पऱ्ह्या किंवा व्हाळ. वाघाचं पाणी, उंबराचा झरा, गारदरा असलं नाव म्हणजे त्या जागेचा जुना दाखलाच. माशांचीही नावं लिहा. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली, तेव्हा लोकांच्या तोंडची नावंच त्याने शास्त्रीय नावांत घातली. आपला मळ्या आजही जगभर ‘मुल्या’ म्हणून ओळखला जातो. गावातल्या माणसाने दिलेलं नाव कमी प्रतीचं नसतं.

मग वर्षातून तीनदा चाला

दिवाळीनंतर एकदा, होळीच्या सुमारास एकदा आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा. वाट तीच ठेवा, ओढ्याच्या तोंडाकडून उगमाकडे. दिवाळीत सगळीकडेच पाणी असतं, तेव्हा फक्त ओळख करून घ्यायची. होळीला तुकडे पडायला लागतात. खरा निकाल मेमध्ये लागतो. कुणाला एकच फेरी जमणार असेल तर त्याने मेची करावी.

पाणी दिसलं नाही तरी झाडं सांगतात. मे महिन्यात हिरवागार उंबर, करंज, जांभूळ किंवा नदीच्या गोट्यांत वाळुंज दिसला की मुळांना कुठेतरी ओल मिळतेय. कातळाच्या भेगेत नेचे आणि ओलं शेवाळ असेल तर तिथे पाझर आहे. भर दुपारी पक्षी कुठल्या झाडीत शिरून गप्प बसतात तेही बघा. घरी आल्यावर गुगल अर्थवर गावाची एप्रिल-मेमधली जुनी चित्रं उघडून पिवळ्या रानात हिरवा ठिपका शोधा. तो ऊस किंवा फार्महाऊसची बाग नाही ना, एवढी खात्री मात्र पायी जाऊनच करावी लागते.

इथे एक सावधगिरी. बाहेरच्या देशांतल्या लिखाणात उत्तरेकडचा उतार गार म्हणून सांगतात. आपल्याकडे ते अर्धंच खरं आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सूर्य दक्षिणेकडे असतो, तेव्हा उत्तर उतारावर ओल जास्त दिवस टिकते. पण पुण्यात १३ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य थेट डोक्यावर. त्यानंतर तो काही आठवडे उत्तरेकडेच असतो. ऐन उन्हाळ्यात उत्तर उतार वाचवत नाही. तेव्हा घळीची खोली वाचवते, झाडांचं छत वाचवतं आणि पश्चिमेच्या तीन-चारच्या उन्हाला आडवा येणारा कडा वाचवतो. पूर्वेकडे तोंड असलेली अरुंद घळ दिसली तर तिथे जरूर उतरा.

मोजा, कारण आठवण फसवते

झऱ्याचं मोजमाप सोपं आहे. १० लिटरची बादली धारेखाली धरा आणि किती सेकंदांत भरते ते बघा. २५ सेकंदांत भरली तर मिनिटाला २४ लिटर, दिवसाला ३४,५६० लिटर. तीच बादली मेमध्ये १०० सेकंदांत भरली तर मिनिटाला ६ आणि दिवसाला ८,६४० लिटर. तीनदा मोजून सरासरी घ्या. धार बारीक असेल आणि बादली मावत नसेल तर पळसाच्या पानाची पन्हळ लावून एक लिटरची बाटली भरा. महिन्यातून एकदा, ठरल्या तारखेला मोजलं की दोन वर्षांत झऱ्याची नाडी कळते. दिवाळीचा आकडा कितीही मोठा असो, मेचा आकडा त्याच्या किती हिश्श्यावर येतो हे महत्त्वाचं. ज्याची धार फार उतरत नाही तो झरा खोलवरच्या साठ्याचा. त्याला जपा.

डोहासाठी दोरीला हातभर अंतरावर गाठी मारून टोकाला दगड बांधा. आडवे चार-पाच पट्टे धरून जागोजाग खोली घ्या, लांबी-रुंदी पावलांनी मोजा. ३० मीटर लांब, सरासरी १२ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल डोहात ५४० घनमीटर, म्हणजे ५ लाख ४० हजार लिटर पाणी असतं. आकडा मोठा वाटतो. पण पाच अश्वशक्तीची मोटर जवळच्या शेताला तासाला पंचवीस-तीस हजार लिटर पाणी सहज ओढते. त्या हिशेबाने हा डोह वीसेक तासांत कोरडा. हा एकच हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडा. ज्याची मोटर आहे तोही गप्प होऊन ऐकतो, हे मी पाहिलंय.

आता माझी सगळ्यांत आवडती तपासणी. डोहाच्या कडेला खुणा केलेली काठी रोवा आणि सात दिवसांनी पाणी किती उतरलं ते बघा. दख्खनच्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची वाफ होऊन पातळी दिवसाला साधारण ७ ते १० मिलिमीटर उतरते, म्हणजे आठवड्याला पाच ते सात सेंटीमीटर. त्याहून बरीच जास्त उतरली तर पाणी कुणी उपसतंय किंवा तळातून जातंय. कमी उतरली तर जमिनीखालून भर पडतेय किंवा सावली दाट आहे. भर कुठून पडते ते शोधायला थर्मामीटर दोरीला बांधून तळाशी, काठाकाठाने फिरवा. भूजलाचं तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं, त्यामुळे मेमध्ये पाझराची जागा भोवतालपेक्षा स्पष्ट गार लागते. हात घातला तरी कळतं. डोहाचा जीव त्या गार कोपऱ्यात असतो, मासेही दुपारी तिथेच जमतात. वहीत त्या कोपऱ्याचं चित्र काढा.

पहाटे एकदा जाऊन या. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघंही प्राणवायू वापरतात, म्हणून पाण्यातला प्राणवायू उजाडताना सर्वांत कमी असतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील तर डोह कड्याच्या टोकावर आहे. मरळ मात्र सोडून द्या, ती एरवीही हवेतला श्वास घेते.

देवराईसाठी दोन थर्मामीटर एकाच वेळी वापरा, एक राईच्या आत छातीच्या उंचीवर, दुसरा बाहेर माळावर, पण सावलीत. उन्हात टांगलेला थर्मामीटर स्वतः तापतो, मग तुलना खोटी होते. दुपारी दोन-अडीचला फरक सर्वांत मोठा दिसेल. पहाटे तो जवळपास नाहीसा होईल, कधी आतच किंचित ऊब असेल. राई चढ-उतार बोथट करते, हेच तिचं काम. जाताना पालापाचोळा बाजूला करून बोट मातीत खुपसून बघा.

पाणी येतं कुठून ते समजून घ्या

सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला डोंगर आहे. काही थर सच्छिद्र, भेगाळ, कुजलेले, काही घट्ट. मधे कुठे लालसर गेरूसारखा पट्टा. वरून मुरलेलं पाणी घट्ट थरावर अडतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडतं. म्हणून एकाच उंचीवर ओळीने झरे दिसतात. झऱ्याचं भांडार त्याच्या तोंडाशी नसतं, बहुतेक वेळा वरच्या पठारावर किंवा सड्यावर असतं. झऱ्याभोवती कुंपण घालून भागत नाही. वरच्या माळावर खाण सुरू झाली, माती खरवडून प्लॉट पाडले किंवा बोअर घेतल्या की खालची धार बारीक होते. वहीतल्या नकाशात झऱ्याला त्याच्या पठाराशी रेघेने जोडा. चर खणायचे तर त्या पठारावर, राईत नव्हे.

आधी हात आवरा

आता दुखरी गोष्ट सांगतो. आमच्या ओढ्यावर एक डोह होता, मेअखेर कमरेएवढं पाणी असायचं. ओढा खोल करायचं काम निघालं. चांगल्या हेतूने, लोकवर्गणीने. पोकलेनवाल्याने दोन दिवसांत पात्र सरळ, गुळगुळीत, एकसारखं केलं. डोहाच्या खालच्या टोकाला कातळाचा एक उंबरा होता, जेमतेम गुडघाभर उंच. तोच पाणी धरत होता. मशीनच्या दातांनी तो फुटला. सगळ्यांनी फोटो काढले, मीही उभा होतो, मलाही कळलं नाही. पुढच्या वर्षी संक्रांतीला डोह कोरडा होता. गाळ काढता येतो, भिंत बांधता येते. लाखो वर्षांच्या पाण्याने घासून ठेवलेला कातळाचा उंबरा परत बसवता येत नाही. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघायला लोक लांबून येतात, पण आपल्या ओढ्यातला तसलाच लहान खळगा ‘अडथळा’ म्हणून फोडला जातो.

म्हणून मशीन येण्याआधी प्रत्येक डोहाचा उंबरा, गार कोपरा आणि काठची मोठी झाडं चुन्याने खुणा करून ठेवा. कंत्राटदाराला लेखी द्या की इथे हात लावायचा नाही. गाळ काढायचाच असेल तर अर्धा डोह यंदा, अर्धा पुढच्या वर्षी, म्हणजे जीवांना सरकायला जागा राहते. वाळू उपसू देऊ नका. कोरड्या नदीत झिरा खणला की पाणी लागतं ते त्या वाळूमुळे; वाळू गेली की ती ओलही जाते.

झऱ्याचं तोंड पहारीने मोठं करू नका. पाणी वाढत नाही, वाट बदलते. टाकी बांधलीत तर तोंडापासून थोडी खाली बांधा आणि जादा पाणी नळाने पुढे न नेता थोडं ओढ्यात सुटू द्या. जनावरांसाठी दगडी डोण जमिनीलगत ठेवा, आत दगडांचा उतार करा म्हणजे पडलेला पक्षी, बेडूक बाहेर येऊ शकतो.

देवराईत झाडं लावण्याची हौस आवरा. सुबाभूळ, गिरिपुष्प तर नकोच. घाणेरी, रानमोडी मुळासकट काढणं हे काम मात्र करण्यासारखं आहे, पावसाळ्यात माती मऊ असताना. मंदिराचा जीर्णोद्धार होताना फरशी, पार्किंग आणि दिवे राईत किती आत जाणार हे आधी ठरवा. पडलेलं झाड पडू द्या. त्याच्या ओल्या कुजक्या खोडात उन्हाळाभर गोगलगायी, बेडूक, विंचू दडून राहतात.

डोहात चिलापी किंवा परदेशी मांगूर सोडू नका. ब्लीचिंग पावडर, करंट, सुरुंगाच्या तोट्याने मासेमारी ही तर हत्याच. भरल्या नदीत तिने नुकसान होतंच, पण मेच्या डोहात एका डब्याने अख्ख्या खोऱ्याचं बियाणं संपतं.

लहान जागा म्हणून सोडू नका

आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी देवळाचं कुंड आहे. २०२० मध्ये तिथे बोटाएवढ्या एका माशाची नवी जात शास्त्रात नोंदली गेली. तिला नावही हिरण्यकेशीचंच मिळालं. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं, क्षेत्र फक्त २.११ हेक्टर. दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्डे इथल्या राईत रानजायफळाची दलदल आहे, गुडघ्यासारखी मुळं चिखलातून वर काढून उभी झाडं. ही झाडं केरळ-कर्नाटकातली म्हणायची. गोव्यात सत्तरीतल्या निरंकाराच्या राईत आणि मग थेट इथे. तेही काही एकरांचं रान, देवाच्या नावाने राखलेलं, आज तेही वारसा स्थळ आहे.

महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत आणि वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वराच्या देवळापाशी लोक मासे मारत नाहीत. खवल्या, म्हणजे महासीर मासे, तिथे मोठे वाढतात, हातातले चुरमुरे खायला काठाशी येतात. एवढा मोठा मासा आटणाऱ्या नदीत जगूच शकत नाही. खोल कोंड आणि लोकांचा शब्द, दोन्ही लागतात. तुमच्या डोहाला देव नसेल तर ग्रामसभेचा शब्द द्या.

कागदावर आणा

सातबारा काढा. राई कोणाच्या नावावर आहे, देवस्थान, ग्रामपंचायत, वनखातं की चार भावांची सामाईक, यावर पुढची वाट ठरते. मग गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे जा. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ४१ व्या कलमाने ती प्रत्येक स्थानिक संस्थेत असायला हवी. बऱ्याच गावांत ती फक्त कागदावर असते, तेव्हा ग्रामसभेत ती जागी करणं हेच पहिलं काम. तुमच्या वहीतल्या नोंदी, नकाशा, मेचे आकडे लोकजैवविविधता नोंदवहीत चढवा. जागा खरोखर वेगळी असेल तर त्याच कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली वारसा स्थळासाठी राज्य जैवविविधता मंडळाकडे प्रस्ताव पाठवता येतो. वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या गावांच्या हातात तर जंगल राखण्याचा अधिकारच आहे. झऱ्याचं पाणी गाव पीत असेल तर तेही नोंदवून घ्या. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ नव्या विहिरी-बोअर खोदण्यावर राज्याच्या भूजल कायद्याने बंधन आहे.

ठराव लिहिताना मोघम लिहू नका. ‘डोह जपावा’ यावर कुणीच काही करत नाही. असं लिहा: होळी ते पहिला पाऊस या काळात अमुक डोहातून मोटर लावायची नाही, पाणी या काठीच्या लाल खुणेखाली गेलं की मासे धरायचे नाहीत, गुरं या एकाच बाजूने उतरतील. ज्यांचं पीक त्या मोटरवर आहे त्यांच्याशी आधी घरी जाऊन बोला, पर्याय काढा. त्यांना वगळून केलेला ठराव पहिल्याच उन्हाळ्यात मोडतो.

जूनची रात्र

शेवटचं काम पहिल्या मोठ्या पावसाचं. ओढ्याला गढूळ पाणी आलं की डोहातले मासे प्रवाहाविरुद्ध वर निघतात, अंडी घालायला. कोकणात याला वलगण म्हणतात. वलगणीचे मासे धरायची हौस जुनी आहे, मलाही ती चव माहीत आहे. पण उन्हाळाभर आपण एका डोहात जे सांभाळलं ते त्या दोन-चार रात्री अंगात अंडी घेऊन वर चढत असतं. राखलेल्या डोहाच्या वरच्या अंगाला तेवढ्या रात्री जाळं, खोणं लावायचं नाही, हे ठरावात घाला. वाटेत बंधारा असेल तर एका कडेला दगड रचून पायऱ्यांसारखा उतार करा, मासे उड्या घेत चढतील.

आणि विजेरी, इरलं घेऊन स्वतः जा. पोरांना न्या. पाण्याच्या आवाजात नीट ऐकलं तर मळे दगडावर आपटल्याचा चटचट आवाज येतो. कुठल्या दगडापर्यंत चढले ते बघा आणि घरी येऊन, अंग पुसायच्या आधी, वहीत तारीख घाला.